वगैरे आसामी

आक्का गेल्यानंतर दोन महिन्यांनी संघटनेच्या मधल्या एका सभेचं इतिवृत्त टपालानं घरी आलं. पाकिटावर तिचंच नाव होतं. सभासदांची यादी कुणी दुरुस्त केली नव्हती, त्यामुळे गेलेल्या माणसाला त्याच्याच श्रद्धांजलीचा ठराव पाठवला गेला होता. मी पाकीट फोडलं. दुसऱ्या पानावर ठराव होता. वर्षभरात वारलेल्या सभासदांमध्ये एक माजी अध्यक्ष, एक निवृत्त संचालक आणि एक प्राध्यापक यांची नावं पदव्यांसकट छापली होती आणि पुढं लिहिलं होतं, "वगैरे दिवंगत सभासदांना ही सभा श्रद्धांजली अर्पण करीत आहे."

आक्का त्या 'वगैरे'त होती.

मला लिहायला वेळ लागतो. शिवाय राग असताना लिहू नये, असं मी कॉलेजातल्या मुलांना नेहमी सांगत आलो. म्हणून थांबलो. राग ओसरला की लिहायचं ठरवलं होतं. तो ओसरलेला नाही, आणि आता तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

आमची संघटना जुने कागद सांभाळणाऱ्यांची आहे. वाचनालयं, शाळा, देवस्थानं, जुन्या संस्था, जिथं जिथं दप्तरं पडून आहेत तिथले अभिलेखपाल तिचे सभासद. मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझ्याकडे जुन्या कागदांची दोन कपाटं होती, तेवढ्या बळावर मी सभासद झालो. खरी अभिलेखपाल माझी थोरली बहीण. इंदापूरच्या एका वाचनालयामागच्या लांबट खोलीत ती तेवीस वर्षं बसली. रोज सकाळी बारामतीलगतच्या जळोचीच्या आमच्या घरातून निघायची, स्टँडवर येऊन इंदापूरची एस.टी. धरायची. पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि कुणाकडून तरी मागून आणलेलं जुनं धोतर.

धोतर कागद बांधायला. कागदांचा गठ्ठा कापडात बांधतात, त्याला आमच्या कामात रुमाल म्हणतात. नवं कापड आक्काला चालायचं नाही. त्याला खळ असते आणि खळीला कसर लागते. म्हणून तिला पन्नास वेळा धुतलेलं सुती कापड हवं असायचं. गल्लीतले म्हातारे तिला बघून हसायचे. "ताई आल्या, धोतर सांभाळा रं!" आक्का शांतपणे म्हणायची, "आज नको. अजून दोन वर्षं धुवा, मग येते."

त्या खोलीत सात पत्र्याच्या पेट्या होत्या. पहिली पेटी नरसिंहपूरकडच्या एका शेतकऱ्यानं आणली. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. पुढे तेच वाचनालयाचे अध्यक्ष झाले. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी योगायोगानं तिथं होतो. त्यांनी पेटी ट्रॅक्टरवरून उतरवली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"ताई, ह्यात काय हाय ते मला बी ठावं न्हाय. आमच्या म्हातारीनं चुलीला काढलं व्हतं. म्हनलं, आदुगर तुमाला दावावं."

"चुलीत किती गेलं, तात्या?"

"दोन येळचा सैपाक झाला आसंल."

"म्हणजे तेवढं तुमच्या पोटात आहे. उरलेलं ठेवा इथं. एकेक लिहून पावती देते."

तात्या बाकावर बसले. आक्का एकेक कागद उघडायची, मोडी वाचायची आणि नोंदवहीत एक ओळ लिहायची: कुणी, कुणाला, कशाबद्दल लिहिलं, कागद किती फाटला आहे. तासाभरात तात्यांचा धीर सुटला.

"आवं ताई, लिवा की 'जुनी कागदं वगैरे' आन मोकळं करा मला. उसाला दारं धरायची हायत."

"तात्या, मुलं किती तुम्हाला?"

"चार."

"रेशनकार्डावर थोरल्याचं नाव लिहिलं आणि पुढं वगैरे म्हटलं तर?"

"तर धाकटा माज्या टकुऱ्यावर बसंल!"

"मग हे कागद तुमच्या धाकट्यासारखे आहेत असं समजा. बसा."

तात्या दिवस कलेपर्यंत बसले. जाताना पावतीची पानं छातीशी धरून म्हणाले, "एवढी मोठी पावती मला कारखान्यानं बी कदी दिली न्हाय."

'वगैरे'वर आक्काचा एवढा दात का, हे तात्यांना पुढे कळलं. मला आधीपासून माहीत होतं. कऱ्हाटीकडच्या एका गावचा एक जुना कागद तिला फार पूर्वी सापडला होता. चावडीवर कुणी राबायला हजर राहायचं, त्याची ती यादी होती. आमचं घराणं त्या गावचं. यादीत वरच्या घरांतल्या माणसांची नावं पूर्ण होती, बापाच्या नावासकट. आमच्या वस्तीपाशी आल्यावर लिहिणाऱ्यानं एक नाव लिहिलं आणि पुढं लेखणी आवरली: 'वगैरे आसामी अकरा.' आमचे आजोबा त्या अकरांत होते. त्यांनी पुढे धर्म बदलला, मुलांना शिकवलं, त्यातूनच आमचे वडील शिक्षक झाले. हे सगळं घडलं, पण त्या कागदावर आजोबांना नाव नाही. आक्कानं तो कागद मला एकदाच दाखवला. म्हणाली, "लिहिणाऱ्याला कंटाळा आला असेल. अकरा नावं लिहायला किती वेळ लागतो? चार मिनिटं." त्यानंतर तिनं तेवीस वर्षांत आपल्या नोंदवहीत 'वगैरे' एकदाही लिहिलं नाही. मी तिच्या माघारी पानन् पान तपासलं आहे. खरंच नाही.

आता संघटनेतल्या त्या गटाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथं अडलं. संघटनेत संग्रह व्यवस्थापन गट नावाचा एक गट आहे. कोणते कागद ठेवायचे, कुठं ठेवायचे आणि कोणते रद्दीत काढायचे हे तो ठरवतो. इंदापूरच्या वाचनालयानं संघटनेकडून लोखंडी मांडण्या घेतल्या तेव्हा एका करारावर सही केली होती. संग्रह कुठं राहील हे गट सांगेल, असं त्यात कलम होतं. त्या वेळी कुणाला त्यात काही वाटलं नाही. मग गटाला नवे संयोजक मिळाले आणि त्यांनी योजना काढली. तालुक्यांतले लहान संग्रह पुण्याला एका गोदामात हलवायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि ज्यांची नोंद 'किरकोळ' अशी होईल ते मूळ कागद निकालात काढायचे. निकालात म्हणजे लगद्यात. आक्काच्या सात पेट्या त्या यादीत होत्या.

म्हणून तिनं संयोजकपदासाठी उभं राहायचं ठरवलं. तिला पदाची हौस नव्हती. सभेत ती कायम मागच्या रांगेत बसायची. पण पेट्या इथं राहायच्या असतील तर ते ठरवणाऱ्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं, हे तिला कळत होतं, आणि त्या खुर्चीत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. हे लिहिताना मान खाली जाते.

तिनं मनात आणलं आहे एवढ्याची कुणकुण लागताच संयोजक आमच्या घरी आले. नीटनेटके, मृदू बोलणारे गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हातात पेढ्यांचा पुडा. चहा घेताना म्हणाले, "ताई, आपल्याकडे निवडणूक होत नाही. सगळं बिनविरोध. घरातल्या घरात कशाला मतदान?"

आमच्या भागात हा शब्द फार भारी आहे. सोसायटी असो, दूधसंघ असो की गावची पतपेढी, माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत समजूत काढायची, संध्याकाळी गुलाल उधळायचा आणि म्हणायचं, बिनविरोध! न झालेल्या भांडणाचा केवढा अभिमान. ज्याची समजूत काढली तो त्या गुलालात कुठं असतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

आक्का म्हणाली, "घरातलंच असेल तर मला एकदा स्वयंपाकघरात येऊ द्या की."

ते हसले. "तुम्ही सहसंयोजक व्हा ना. मीच नाव सुचवतो."

"सहसंयोजकाला काम काय असतं?"

"तसं काही ठरलेलं नाही. सूत्रसंचालन, स्वागत, वगैरे."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. हसू दाबायला मी कप तोंडाला लावला. ती म्हणाली, "पेढे चांगले आहेत. पण उभी राहणार आहे मी."

अर्जासोबत आपला कार्यक्रम एका पानात लिहून द्यायचा होता. तो तिनं काळ्या शाईत लिहिला. तिचं अक्षर बारीक आणि सरळ. खोली कोरडी असेल तर कागद जिथला आहे तिथंच राहावा. कोणत्याही गठ्ठ्यावर 'किरकोळ' किंवा 'वगैरे' असं लिहू नये. आणि शेवटी एक वाक्य: 'प्रत म्हणजे मूळ नव्हे, फोटो निघाला म्हणून मूळ कागद बिनकामाचा होत नाही.' मी वाचलं आणि म्हणालो, "चांगलं झालंय." याहून जास्त काही बोलायला हवं होतं.

मग जे घडलं ते फक्त आमच्या धंद्यातल्या माणसांच्या हातूनच घडू शकतं.

अर्जाची झेरॉक्स मी स्टँडसमोरच्या दुकानातून काढून आणली. आक्कानं झेरॉक्सवर शिक्का मारला, 'मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल', आणि खाली सही केली. मग मूळ अर्ज कोऱ्या फायलीत ठेवला, सुती नाडीनं बांधला आणि घरच्या कपाटात लावला. नक्कल मी पाकिटात घातली, डिंक लावला आणि पोस्टात दिली. आयुष्यभर आम्ही दोघांनी हेच केलं होतं. तिच्या इंदापूरच्या खोलीच्या दारावर तिच्याच अक्षरात पाटी होती: 'मूळ कागद खोलीबाहेर जाणार नाही.' कुणी काही मागितलं की नक्कल द्यायची आणि मूळ जपायचं. हात आपोआप चालले. पाकीट चिकटवताना मला काहीही खटकलं नाही.

वार्षिक सभा त्या वर्षी बारामतीत होती. अर्जांची छाननी व्यासपीठावरच झाली. संयोजकांनी आमचं पाकीट उघडलं, कागद उजेडाकडे धरला, उलटसुलट पाहिला.

"ताई, मूळ अर्ज कुठाय?"

आक्का मागच्या रांगेतून उठली. "फायलीत आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

सभेत कुणीतरी खिदळलं. मग हसू पसरत गेलं. सगळे आमच्याच कामातले लोक. त्यांतला एकही असा नव्हता की ज्यानं कधी मूळ कागद हातचा सोडला असेल. त्यांना तर कळायला हवं होतं. संयोजकांनी हात वर करून सभेला शांत केलं, कार्यक्रमाचं पान काढलं आणि वाचून दाखवलं: "'प्रत म्हणजे मूळ नव्हे.' हे तुमचंच वाक्य आहे, ताई. आम्ही फक्त अंमल करतोय." यावर टाळ्या पडल्या. टाळ्या!

आक्का म्हणाली, "मूळ अर्ज जळोचीत आहे. माझा भाऊ अर्ध्या तासात घेऊन येईल."

"मुदत संपली."

"मग नामंजुरीचं कारण लेखी द्या."

"देऊ की. पाठवतो."

लगेच संयोजकांची फेरनिवड बिनविरोध जाहीर झाली आणि शाल-श्रीफळ पुढं आलं. सोबत एक काचेचं स्मृतिचिन्ह. त्यावर त्यांचं नाव आणि 'बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन' असं कोरलेलं होतं. काचेवर अक्षरं कोरायला किती दिवस लागतात, हे मी नंतर मुद्दाम एका दुकानात जाऊन विचारलं. चार दिवस, दुकानदार म्हणाला. आमचं पाकीट त्या दिवशी, आमच्या डोळ्यांसमोर उघडलं होतं.

रिक्षानं जळोचीला परत येताना आक्का बराच वेळ बाहेरचा ऊस बघत होती. मी म्हणालो, "पाकीट मीच चिकटवलं." ती म्हणाली, "बांधलं मी. चूक आपली आहे, अर्ज बाद करणं नियमात बसतं. पण ते हसले."

लेखी कारण आलंच नाही. तिनं अर्जाच्या फायलीत शेवटी एक कोरा कागद लावला होता आणि वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'नामंजुरीचे कारण, प्राप्त व्हायचे आहे.' ती त्या अपमानानं गेली असं मी म्हणणार नाही. तिच्या पोटात गाठ होती आणि ती आधीपासून होती. पण सभेनंतर आठ महिन्यांनी, बारामतीच्या दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना तिनं मला दोनदा विचारलं, "टपाल आलं का रे?" मी म्हणालो, "येईल." ती म्हणाली, "आलं की फायलीत लाव. अर्धवट फाइल बरी दिसत नाही."

पत्र आलं नाही. दोन महिन्यांनी आलं ते श्रद्धांजलीचं इतिवृत्त.

त्याच आठवड्यात तात्या घरी आले. जिन्यातच धाप लागली, तरी बसायच्या आधी खिशातून कागद काढला. संघटनेचं पत्र होतं. वाचनालयातला संग्रह हलवायचा आहे, तयारी ठेवावी.

"ताईंच्या माघारी तुमीच बगा आता," तात्या म्हणाले. "मला हितलं काय कळत न्हाय. पर पेट्या जाऊ द्यायच्या न्हाईत, एवडं कळतंय."

"तात्या, करारावर सही वाचनालयाची आहे."

"व्हय, माजीच हाय. वाचून केली न्हवती. आता तुमी वाचा."

मी निवृत्त झालो होतो. आठवड्यातून चार दिवस आक्काच्याच वेळेच्या एस.टी.नं इंदापूरला जाऊ लागलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणत्याही पदासाठी अर्ज भरला. संग्रह व्यवस्थापन गटाचा संयोजक. कार्यक्रमाच्या रकान्यात आक्काचे शब्द जसेच्या तसे उतरवले. तिचं मूळ पान हलवलं नाही, पण माझा मूळ अर्ज मी स्वतः घेऊन गेलो. पोच हातात घेईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून गेलो होतो. संघटनेच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कशाला आलात एवढ्या लांब, सर? झेरॉक्स पाठवली असती तरी चाललं असतं. फोनवर फोटो पाठवला तरी चालतो आता. नियम बदललाय."

"कधी बदलला?"

"मागच्याच वार्षिक सभेत. ऐनवेळच्या विषयात."

मी खुर्चीत बसून राहिलो. त्यानं पाणी आणून दिलं. ज्या सभेत झेरॉक्स पाठवल्याबद्दल माझ्या बहिणीला हसले, त्याच सभेत, आम्ही रिक्षात बसून निघाल्यावर, झेरॉक्स चालेल असा ठराव केला. आपला नियम खुळचट आहे हे त्यांना त्या हसण्यातच कळलं असणार. तो त्यांनी दुरुस्त केला. तिचा अर्ज मात्र बाद तो बादच.

वार्षिक सभा यंदा इंदापुरात होती. सभेआधी चहाच्या टेबलापाशी संयोजकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, ठरावात ताईंचं नाव राहून गेलं. मला फार वाईट वाटलं हो. आज इतिवृत्त कायम करताना आपण ते घालू. पूर्ण नाव. तेवीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख. फोटोसुद्धा लावू."

मी हातातला कप टेबलावर ठेवला.

"फक्त," ते म्हणाले, "तुम्ही माघार घ्या. आपली बिनविरोधची परंपरा आहे. ताईंच्या नावाच्या वर्षी तरी ती मोडू नये."

मला मोह झाला. दोन महिने तो 'वगैरे' माझ्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. एका सहीनं तो पुसला गेला असता. मी मान हलवली असती तर कुणीही मला नावं ठेवली नसती. भावानं बहिणीसाठी केलं, असंच म्हणाले असते. मग मला दवाखान्यातली आक्का आठवली. तिनं विचारलं होतं ते टपालाचं. आपल्या नावाचं काय होईल, हे तिनं कधीच विचारलं नव्हतं. सात पेट्यांमध्ये किती नावं आहेत? तिचं एक नाव वर काढायचं आणि ती सगळी गोदामात घालवायची. हा सौदा त्या चावडीवरच्या कागदासारखाच होता. एक नाव लिहायचं, बाकीचे वगैरे.

"मतदान घ्या," मी म्हणालो.

"भाऊ, विचार करा."

"केला. तुमचा हात काढा."

सभेत इतिवृत्त वाचून झाल्यावर मी उठलो. मला भाषण येत नाही. "श्रद्धांजलीच्या ठरावात माझ्या बहिणीचं नाव नाही, ते घालावं. आणि मागच्या निवडीपुढचा बिनविरोध हा शब्द काढावा. विरोध होता. तुम्ही तो हसून बाहेर घालवलात. अर्ज बाद का केला त्याचं कारण अजून लेखी दिलेलं नाही." मग संयोजक म्हणाले, "सभासदांच्या भावना नोंदवून घेतल्या आहेत." पुढे त्या सभेचं इतिवृत्त आलं तेव्हा ही नोंद मी शोधली. ती अशी होती: 'काही सभासदांनी सूचना वगैरे केल्या.'

मतदान झालं. मी हरलो. थोडक्या मतांनी हरलो असं नाही, जितका हरायचा तितका हरलो. मतपत्रिका मोजताना मागच्या रांगेतल्या एका बाईनं, जिला मी ओळखतही नव्हतो, वळून मला नमस्कार केला. एवढंच. गुलाल नव्हता.

तीन आठवड्यांनी पुण्याहून टेम्पो आला. ड्रायव्हर आणि संघटनेचा एक माणूस, हातात टाइप केलेली पावती. तात्या आधीच येऊन बाकावर बसले होते. मी पावती घेतली. एकच ओळ होती: 'पत्र्याच्या पेट्या ७, जुने कागद वगैरे.'

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"का? पेट्या सातच आहेत ना?"

"सातच आहेत. पण करारात लिहिलंय, संग्रह नोंदीप्रमाणे ताब्यात द्यायचा. नोंद ही." मी आक्काची नोंदवही टेबलावर ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. एकूण नऊ. "एकेक कागद काढतो, तुम्ही ओळीशी ताडून बघा आणि प्रत्येक ओळीपुढं सही करा. पूर्ण सही. आद्याक्षर चालणार नाही. जो कागद जसा आहे तसा तुम्हाला मिळाला, असं तुमच्या हातानं लिहा. उद्या त्यातला एक जरी लगद्यात गेला तर तो कुणाच्या सहीनं गेला हे कळायला हवं."

त्यानं पहिली वही उघडली. पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग मधूनच एक पान काढून बघितलं.

"सगळं असंच आहे?"

"सगळं."

ड्रायव्हरनं त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "सायेब, हे कवा व्हायचं? आवंदाच्या गळितापतुर?"

"म्या बसलोय," तात्या म्हणाले. "एका पेटीला एक आखा दिवस गेला व्हता, माज्याच. पान्याची सोय हाय. बसा."

संघटनेच्या माणसानं बाहेर जाऊन फोन लावला. काचेतून त्याचे हात दिसत होते. बऱ्याच वेळानं आत आला, पावती घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "साहेब म्हणतात, सध्या राहू द्या. नंतर बघू."

"हे लेखी द्या," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. मीही पाहिलं. आयुष्यात मी असं कुणाकडे बघितलं नव्हतं. शेवटी त्यानं माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच कागदावर लिहिलं: संग्रह आज ताब्यात घेतलेला नाही, कारण नोंदीप्रमाणे ताबा घेणे शक्य झाले नाही. खाली तारीख आणि पूर्ण सही. कागद देताना म्हणाला, "याची झेरॉक्स मला द्या."

मी समोरच्या दुकानातून नक्कल काढून आणली आणि त्याच्या हातात ठेवली. मूळ माझ्याकडे ठेवलं. रिकामा टेम्पो मागं घेताना वाचनालयाच्या कमानीला घासला. तात्या ओरडले, "आरं, बगून! कमान बी नोंदीत हाय!"

ते परत येतील. मोठा टेम्पो घेऊन, वकिलाची नोटीस घेऊन किंवा नवा ठराव करून येतील. ऐनवेळच्या विषयात काय होऊ शकतं ते मी पाहिलं आहे. मी आता रोज साडेआठच्या एस.टी.नं जातो.

त्या दिवशी घरी आल्यावर आक्काच्या अर्जाची फाइल सोडली. शेवटच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं तिनं लिहिलेली ओळ तशीच ठेवली. तिच्याखाली शाईनं लिहिलं: 'कारण अद्याप प्राप्त नाही.' तारीख घातली, सही केली आणि नाडी बांधली.